खेळ कशात करावा?



मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक संपल्यावर एक ताई माझ्यासाठी थांबल्या. त्यांची लेक बारावीला आहे. तिला मोबाईलवरचा खेळ बनवायचा आहे, पाढ्यांचा. धाकट्या भावाला पाढे येत नाहीत, म्हणून हा सगळा खटाटोप. आईच्या साध्या फोनवर चालावा, मामाच्या आयफोनवर चालावा आणि शाळेतल्या संगणकावरही चालावा, अशी तिची इच्छा. कुणीतरी तिला सांगितलं, की असल्या कामाला भारी लॅपटॉप लागतो, पन्नास हजारांच्या खाली भागत नाही. घरात चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. पोरीने त्यावर एक मोठं सॉफ्टवेअर उतरवलं आणि लॅपटॉप जागच्या जागी अडकून बसला. ताई मला म्हणाल्या, "गटातून कर्ज काढू का हो?"

मी म्हटलं, "ताई, पंधरा दिवस थांबा. आधी पोरीला चार प्रश्न विचारू, मग कर्जाचं बघू."

ते चार प्रश्न आज तुमच्यासमोर मांडते. आपल्या घराघरांतल्या मुली आता हे शिकताहेत. त्यांना काय हवंय हे आईला कळलं, तर पैसाही वाचतो आणि पोरीचा हुरूपही टिकतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. अँड्रॉइड फोन, आयफोन आणि ब्राउझर ही तीन वेगळी घरं आहेत. प्रत्येकाची भाषा वेगळी. पूर्वी एकच खेळ तिन्हीकडे न्यायचा तर तीनदा लिहावा लागे. आता अशी साधनं आहेत, की खेळ एकदाच लिहायचा आणि त्यातूनच तिन्हीकडचे खेळ काढायचे. कणीक एकदाच मळायची आणि तिच्याच पोळ्या, पुऱ्या, पराठे करायचे, तसं. पण पुरीची कणीक घट्ट लागते, हे आपल्याला ठाऊक असतं. इथेही तसंच आहे. आपल्याला मुख्यतः काय करायचंय, त्यावर कणीक ठरते.

पहिला प्रश्न : खेळणारं कोण, आणि ते कशावर खेळणार?

बहुतेक मुली इथेच चुकतात. जगात कुठलं साधन गाजतंय ते आधी बघतात. पण आपला खेळ खेळणार असतो शेजारचा बंड्या, आजीच्या जुन्या फोनवर. त्या फोनमध्ये जागा कमी, आणि दिवसाचा डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला. तिथे खेळ किती जड आहे, हाच पहिला मुद्दा.

युनिटी नावाचं इंजिन खूप मोठं आणि सामर्थ्यवान आहे. पोकेमॉन गो हा खेळ त्यातच बनला. गोडो हे दुसरं इंजिन, अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं आणि २०१४ साली सगळ्यांसाठी मोफत खुलं केलेलं. ही दोन्ही फोनसाठी आणि वेबसाठी खेळ काढून देतात. पण वेबवर त्यांचा खेळ उघडताना इंजिनसुद्धा सोबत उतरावं लागतं. खेळ पाच पाढ्यांचा असला, तरी पहिल्यांदा उघडताना बरेच एमबी जातात. उलट फेझर नावाची एक गोष्ट आहे. ती मुळातच ब्राउझरसाठी, जावास्क्रिप्टमध्ये आहे. तिचं वजन सुमारे एक एमबी. खेळ तिच्यात लिहिला, की दुवा व्हॉट्सॲपवर पाठवायचा, समोरच्याने टिचकी मारायची आणि खेळायला लागायचं. पुढे त्याच खेळाचं फोनचं ॲप करायचं असेल, तर कपॅसिटर नावाचं साधन त्या वेबच्या खेळावर ॲपचं आवरण चढवून देतं.

म्हणजे नियम साधा आहे. खेळ सपाट चित्रांचा, कमी हालचालींचा आणि दुव्यावरून उघडणारा असेल, तर वेबपासून सुरुवात करा. पुष्कळ हालचाल आणि मोठे टप्पे असलेला, मुख्यतः ॲप म्हणूनच जाणारा खेळ असेल, तर गोडो. घरं, रस्ते, गाड्या असं त्रिमितीतलं मोठं जग उभं करायचं असेल किंवा पुढे खेळांच्या कंपनीत नोकरी करायची असेल, तर युनिटी शिकणं उपयोगाचं. आणि अजून कोड लिहिताच येत नसेल, तर जीडेव्हलप किंवा कन्स्ट्रक्ट यांत घटना आणि कृती जोडून खेळ करता येतो. "चेंडू भिंतीला लागला, की एक गुण वाढव", अशा पद्धतीने. यातलं जीडेव्हलप खुलं आहे, कन्स्ट्रक्टला ठरावीक काळाने वर्गणी भरावी लागते.

दुसरा प्रश्न : आपली अक्षरं नीट उमटतात का?

हा प्रश्न इंग्रजीतल्या मार्गदर्शनात तुम्हाला सहसा दिसणार नाही. मी तो स्वतःच्या चुकीतून शिकले.

कोरोनानंतर शाळा उघडल्या, तेव्हा आमच्या आळीतली मुलं वरच्या वर्गात गेली होती, पण अक्षरं विसरली होती. मी घरी बसून टायपिंगची कामं करायचे. एमएस-सीआयटी झालेलं, पुढचं चुकतमाकत शिकलेलं. वाटलं, आपण एक खेळ करावा. चित्र दिसेल, खाली तीन शब्द, त्यातला बरोबर शब्द मुलाने निवडायचा. त्या वेळी ज्या साधनाचं नाव सगळे घेत होते, तेच मी घेतलं. तीन महिने रात्री जागून खेळ केला. शब्द दिसत होते, चित्रं हलत होती, मी खूश.

शेजारच्या काकूंचा नातू पहिला खेळाडू. चित्र आलं चिमणीचं. पोराने खालचा शब्द बोट ठेवून वाचला, "च-मि-णी." आणि बरोबर म्हणून दाबला. खेळानेही टाळ्या वाजवल्या. पुढे पिशवीचं चित्र आलं. त्याने वाचलं, "प-शि-वी." मला वाटलं, पोर गडबडतंय. जवळ जाऊन पडद्यावर पाहिलं, तर पोर अगदी बरोबर वाचत होतं. चुकीचं लिहिलेलं होतं ते माझ्या खेळाने.

झालं होतं असं. घरात पाटी असेल तर घ्या. आपण "चि" लिहितो, तेव्हा वेलांटी च च्या आधी काढतो, पण उच्चारात ती नंतर येते. संगणक उच्चाराच्या क्रमाने साठवतो, आधी च, मग ऱ्हस्व वेलांटी. दाखवताना मात्र त्याने ती उचलून च च्या डावीकडे ठेवायची असते. माझ्या साधनाला हे कामच येत नव्हतं. त्याने आधी च काढला, पुढे वेलांटी काढली, आणि ती जाऊन बसली म च्या डोक्यावर. चिमणीची चमिणी झाली. "सूर्य" शब्दातला रफार य वर चढण्याऐवजी र पाय मोडून खालीच उभा राहिला. इंग्रजी अक्षरं एकापुढे एक ठेवली की काम होतं. आपली अक्षरं एकमेकांत मिसळतात, वर चढतात, जागा बदलतात. ती नीट जुळवण्याचं काम वेगळं करावं लागतं आणि ते सगळ्या साधनांना येतंच असं नाही.

मी ते आधी का पाहिलं नाही? कारण मला वाचता येत होतं. डोळा चूक दुरुस्त करून पुढे जातो. ज्याला वाचता येत नाही, त्याचा मात्र पडद्यावर विश्वास असतो. काकूंचा नातू हसला नाही, की "हे चुकलंय" म्हणाला नाही. फोनमध्ये लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. त्या आठवड्यात चार घरांत तो खेळ गेला होता. मी चारही घरी जाऊन तो फोनमधून काढून टाकला. तीन महिन्यांचं काम गेलं त्याचं दुःख होतंच. पण मुलांना आपण चुकीचं शिकवलं, हे जास्त लागलं.

आता परिस्थिती बरीच सुधारली आहे. ब्राउझरला देवनागरी जुळवता येते. त्यामुळे फेझरसारख्या साधनात साधा मजकूर टाकला, तर तो ब्राउझरच लिहितो आणि अक्षरं बरोबर येतात. फक्त चित्रातून कापलेल्या अक्षरांचा, ज्याला बिटमॅप फॉन्ट म्हणतात, तो प्रकार मराठीसाठी वापरू नका. त्यात एकेक अक्षर सुटं ठेवलं जातं आणि पुन्हा चमिणी होते. गोडोमध्ये मार्च २०२३ ला आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून अशी लिपी जुळवण्याची सोय आली. त्याआधीची, म्हणजे तिसरी आवृत्ती मराठीसाठी घेऊ नका. एक लक्षात ठेवा, फॉन्ट खेळासोबतच द्यायचा, फोनवर असेल या भरवशावर राहायचं नाही. मुक्त आणि बालू हे मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले फॉन्ट मोफत वापरता येतात. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, तेही बघा. पहिलीचं पोर पुस्तकात पाहील तोच ल खेळात दिसायला हवा.

तुमचं साधन कोणतंही असो, पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला पाच शब्द त्यात लिहून पाहा. चिमणी, पिशवी, सूर्य, क्षत्रिय, कृष्ण. हे पाच नीट उमटले तर पुढे जा. नाही उमटले, तर ते साधन कितीही नावाजलेलं असो, आपल्या मराठी खेळाच्या कामाचं नाही.

तिसरा प्रश्न : साधन कोणाच्या मालकीचं आहे?

आपण दुसऱ्याच्या जोत्यावर घर बांधत असू, तर जोत्याचा मालक उद्या काय म्हणेल, हे विचारून ठेवावं. यातल्या दोन गोष्टी घडून गेलेल्या आहेत.

एकेकाळी ब्राउझरमधले बहुतेक खेळ फ्लॅश नावाच्या तंत्रात होत. मुलांच्या शिकण्याचे कितीतरी खेळ त्यात होते. आयफोनने फ्लॅश कधी घेतलंच नाही. पुढे ३१ डिसेंबर २०२० ला अडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातले खेळ ब्राउझरमध्ये चालणं बंद झालं. लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत एका तारखेला झाकली गेली.

दुसरी गोष्ट युनिटीची. १२ सप्टेंबर २०२३ ला कंपनीने जाहीर केलं, की खेळाची कमाई आणि डाउनलोड ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, तर प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क लागेल. जगभरचे खेळ करणारे चिडले. महिनाभरात कंपनीच्या प्रमुखाने पद सोडलं आणि बरोबर एका वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ ला, खेळांसाठीचं ते शुल्क रद्द झालं. आपल्या छोट्या खेळाला ते लागलंही नसतं, हे खरं. पण नियम मध्येच बदलू शकतात, एवढं यातून सगळ्यांनी पाहिलं.

गोडो आणि फेझर हे दोन्ही एमआयटी परवान्याखाली आहेत. म्हणजे वापरा, बदला, खेळ विका, कुणाला काही देणं नाही, फक्त परवान्याची नोंद सोबत ठेवायची. उद्या त्यांची मूळ मंडळी थकली, तरी आपल्याजवळची प्रत कुणी काढून घेऊ शकत नाही. म्हणून मुलीला सांगा, साधन उतरवण्याआधी परवाना वाच. आणि खेळाची चित्रं, आवाज, शब्दांची यादी हे सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेव. साधन बदलावं लागलं तरी ते सामान आपलंच राहतं. माझा पहिला खेळ गेला, पण मी काढलेली चित्रं आणि रेकॉर्ड केलेले आवाज दुसऱ्या खेळात जसेच्या तसे कामाला आले.

चौथा प्रश्न : खेळ लोकांच्या हातात कसा जाणार, आणि त्याला खर्च किती?

वेबवरचा खेळ सगळ्यात स्वस्त. लहान खेळ मोफत ठेवता येतील अशा जागा आहेत, आणि त्यात चूक सापडली तर आपल्या बाजूला सुधारली की सगळ्यांकडे सुधारते. गूगलच्या प्ले स्टोअरवर ॲप ठेवायला २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. शिवाय आयफोनचं ॲप बांधायला सहसा मॅक संगणक लागतो. "एकदा लिहा, सगळीकडे चालवा" असं म्हणतात, तेव्हा हा मॅकचा खर्च कुणी सांगत नाही. म्हणूनच मामाच्या आयफोनसाठी वेबचा दुवा बरा, तो ब्राउझरमध्ये उघडतो आणि काम भागतं.

प्ले स्टोअरची आणखी एक अट आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यांनी वैयक्तिक खातं काढलं, त्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी काही माणसांकडून चाचणी करून घ्यावी लागते. आधी ही माणसं वीस लागत, डिसेंबर २०२४ पासून किमान बारा, सलग चौदा दिवस. शहरातली मुलं या अटीने वैतागतात. पण आपल्याला बारा बाया जमवणं कठीण आहे का? गटात ज्यांच्याकडे अँड्रॉइड फोन आहे, त्यांची नावं सुरुवातीलाच लिहून घ्या. त्यांच्या घरातली मुलं खेळतील आणि काय अडतंय तेही सांगतील.

त्या अडचणींतल्या दोन मी आधीच सांगून ठेवते. एक, ब्राउझरमध्ये माणसाने पडद्याला हात लावल्याशिवाय आवाज सुरू होत नाही. म्हणून खेळाच्या सुरुवातीला "सुरू करा" असं मोठं बटण ठेवा, नाहीतर खेळ मुकाच राहतो आणि मुली तासन्तास चूक शोधत बसतात. दुसरं, संगणकावर उंदीर नुसता फिरवला तरी बटणाचा रंग बदलतो. फोनवर बोट नुसतं फिरवता येत नाही, ते टेकतंच. म्हणून प्रत्येक गोष्ट एका टिचकीत होईल अशीच करा.

गोडो घेणाऱ्या मुलींसाठी एक सूचना. त्यात दोन भाषांत लिहिता येतं, जीडीस्क्रिप्ट आणि सी-शार्प. पण चौथ्या आवृत्तीत सी-शार्पमध्ये लिहिलेला खेळ वेबसाठी काढता येत नाही. वेबवर जायचं असेल, तर पहिल्यापासून जीडीस्क्रिप्टच धरा. अर्धा खेळ झाल्यावर हे कळलं, तर सगळं पुन्हा लिहावं लागतं.

आता त्या ताईंच्या लेकीकडे येते. आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसलो आणि चारही प्रश्नांची उत्तरं वहीत लिहिली. खेळणारा कोण? तिसरीतला भाऊ, आईच्या फोनवर. अक्षरं? मराठी अंक आणि थोडे शब्द. मालकी? खुलं साधन हवं. खर्च? शून्य. उत्तरं लिहून होईपर्यंत तिचं तिलाच समजलं, की पाढ्यांच्या खेळाला भारी इंजिन लागतच नाही. फेझर आणि साधा लिहायचा एडिटर त्याच चार जीबीच्या लॅपटॉपवर चालला.

मग मी तिला तीन संध्याकाळींचं काम दिलं. पहिल्या संध्याकाळी एकच पडदा करायचा. त्यावर एक बटण, एक आवाज आणि ते पाच शब्द. दुसऱ्या संध्याकाळी तोच पडदा आईच्या फोनवर, मामाच्या आयफोनवर आणि शाळेतल्या संगणकावर उघडून पाहायचा. तिसऱ्या संध्याकाळी काय बिघडलं ते वहीत लिहायचं. हे तिन्ही पार पडलं, तरच खेळाला हात घालायचा. नाही पडलं, तर दुसरं साधन. तीन महिने गमावण्यापेक्षा तीन संध्याकाळी गेलेल्या बऱ्या, हे मी अनुभवाने सांगते.

आयफोनवर तिचा आवाज वाजला नाही. "सुरू करा" बटण ठेवायचं ती विसरली होती. तिसऱ्या दिवशी वाजला. आता बे एके बेपासून सहाच्या पाढ्यापर्यंत खेळ आला आहे. भाऊ रोज खेळतो आणि सातचा कधी येणार म्हणून बहिणीच्या मागे लागतो. कर्ज काढलेलं नाही. पुढे तिला खरंच मोठं, त्रिमितीतलं काही करायचं असेल, तेव्हा नव्या लॅपटॉपचा विचार करू, आणि तेव्हा तो कशासाठी घेतोय हे आईलाही माहीत असेल.

आणि माझा खेळ? तो मी दुसऱ्यांदा केला, वेबवर. या वेळी पहिला खेळाडू पुन्हा काकूंचा तोच नातू. एव्हाना तो बराच मोठा झाला होता. चिमणीचं चित्र आलं, त्याने खालचा शब्द वाचला, "चिमणी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मागच्या वेळी चुकलं होतं ना, मावशी?"

मी म्हटलं, "हो रे, माझंच चुकलं होतं."

तुमच्या मुलींना हे चार प्रश्न सांगा. वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावा. आणि त्यांचा खेळ तयार झाला, की सगळ्यात आधी घरातल्या ज्याला अजून नीट वाचता येत नाही, त्याच्या हातात द्या. तो खरं काय ते सांगेल.

बरं तर, येते. नमस्कार.